जुन्या आर१५ व्ही-वनला व्ही-टूची चाकं: पूर्ण कामाचा रिव्ह्यू

यामाहाच्या आर१५ बाइकच्या पहिल्या मॉडेलला (व्ही-वन) दुसऱ्या मॉडेलची (व्ही-टू) चाकं लावली, हा रिव्ह्यू त्या सगळ्या कामाचा आहे, म्हणजे चाकं, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा), टायर, चेन किट आणि गॅरेजवाल्याची मजुरी सगळं धरून. घाई असेल त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगतो. पूर्ण सेट टाकणार असाल तर करा, मजा आहे. नुसता रुंद टायर जुन्याच रिमवर चढवणार असाल तर ते पैसे खिशात ठेवा, स्टॉक म्हणजे कंपनीच्या मूळ साइझचा चांगला टायर घ्या आणि उरलेल्यात घाट फिरून या.

व्ही-वन ज्यांच्याकडे आहे त्यांना दुखणं माहितीये. २००८ ला गाडी आली तेव्हा दीडशे सीसीत लिक्विड कूलिंग, डेल्टाबॉक्स फ्रेम, सहा गिअर, १७ पीएस, आपल्याकडे असलं पॅकेज कोणी देतच नव्हतं, आणि मागे टायर काय तर १००/८०-१७ (१०० मिमी रुंदी, साइडवॉलची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १७ इंची). पुढून बघितली की रेसची गाडी, मागून बघितली की दूधवाल्याची. त्यात त्याच वर्षी यामाहानेच एफझी काढली आणि तिला मागे दिला १४० चा टायर, म्हणजे जखमेवर मीठ. मग २०११ ला व्ही-टू आली, मागे १३०/७० रेडियल, पुढे ९०/८०, ॲल्युमिनियमचा स्विंगआर्म, आणि तेव्हापासून हा किडा प्रत्येक व्ही-वनवाल्याच्या डोक्यात एकदा तरी वळवळून गेलाय.

आता नुसता टायर का नको ते. रिम अरुंद असलं आणि त्यावर रुंद टायर बसवला की टायरच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि मधला भाग वर टोकदार होतो. दिसायला मागून भरलेला दिसतो पण सरळ चालवताना रस्त्याला टेकतो मधला पट्टा, आणि गाडी झोपवली की टायरचा आकार कंपनीने ठरवलेला तो उरलेलाच नसतो. माझ्या मित्राने असं करून ठेवलंय, त्याची गाडी मी चालवलीये, वळणात शिरताना आधी काहीच नाही आणि मग एकदम पडल्यासारखी आत जाते, तो म्हणतो सवय होते. होत असेल बाबा. शिवाय जुन्या स्विंगआर्ममध्ये १३० घालायला गेलात तर चेनच्या बाजूला जागाच नाही, मग लोक वॉशर टाकून चाक सरकवतात आणि चेन तिरकी चालते, नको तो धंदा.

थोडं गणित बघा, कारण गॅरेजवाले हे सांगत नाहीत. १००/८०-१७ चा बाहेरचा व्यास साधारण ५९२ मिमी, १३०/७०-१७ चा ६१४. म्हणजे रिम दोन्हीकडे १७ चंच असलं तरी चाक २२ मिमीने मोठं झालं, गाडीची मागची बाजू ११ मिमी वर आली आणि गिअरिंग पावणेचार टक्के लांब झालं, म्हणजे त्याच गिअरमध्ये ओढ तेवढी कमी. १७ पीएसच्या गाडीला पावणेचार टक्के कळतात, चढावर तर नक्की कळतात. गंमत म्हणजे पुढे काही होत नाही, ८०/९० आणि ९०/८० दोन्हीची साइडवॉल ७२ मिमीच येते, करून बघा गुणाकार. त्यामुळे पुढचं चाक बदललं तरी पुढची उंची आहे तीच राहते.

मागच्या गिअरिंगचा उपाय म्हणजे व्ही-टूचीच चेन-स्प्रॉकेट किट टाकायची, पुढचं मागचं दोन्ही. कंपनीने व्ही-टूला फायनल रेशो आखूड केला होता तो उगाच नाही. तसंही स्विंगआर्म लांब असल्यामुळे जुनी चेन पुरत नाहीच.

पार्ट जमवणं हेच खरं काम. नवीन सेट शोरूममधून मागवायचा विचार करत असाल तर किंमत ऐकून गाडीच विकावीशी वाटेल. मी पुण्यात नाना पेठेत फिरलो, तिथे टायर, बेअरिंग, चेन किट, ब्रेक पॅड सगळं मिळालं आणि भाव पण ठीक, दोन दुकानांत विचारा आणि तिसऱ्यात घ्या एवढंच. चाकं आणि स्विंगआर्म मात्र ॲक्सिडेंटच्या गाड्यांतनं निघालेलेच घ्यावे लागतात, मुंबईकरांना कुर्ल्याचा सीएसटी रोड जवळ आहे. आणि इथेच लोक फसतात. गाडी पुढून ठोकलेली असते, पुढचं रिम वरून बघायला सरळ दिसतं, वर टायर चढवलेला असतो त्यामुळे रिमची कड दिसतच नाही.

त्यामुळे टायर काढूनच रिम घ्या, दुकानदार कटकट करेल, करू दे. एक्सल घालून चाक मोकळं फिरवायचं आणि स्क्रू ड्रायव्हर कशाला तरी टेकवून त्याचं टोक रिमच्या कडेपासून केसभर लांब धरायचं. चाक फिरताना ती फट सगळीकडे सारखी राहिली पाहिजे. मला दाखवलेल्या पहिल्या रिमला एका जागी टोक खर्रकन घासलं आणि समोरच्या बाजूला फट एवढी की नाणं जाईल, आणि तो माणूस मला म्हणतो, 'एवढं चालतं साहेब, बॅलन्सिंगमध्ये निघून जाईल.' बॅलन्सिंगमध्ये वजनाचा फरक निघतो हो, वाकडं रिम सरळ होत नाही! अलॉय ठोकून सरळ करणारे पण आहेत, मी तरी ठोकलेल्या अलॉयवर शंभरने जाणार नाही.

गॅरेज कात्रजच्या बाजूचं, नाव मुद्दाम लिहित नाहीये कारण पुढे थोडी तक्रार पण आहे. मेकॅनिकचा हात चांगला. स्विंगआर्म टाकताना त्याने आपणहून सांगितलं की लिंकेजचे (स्विंगआर्म आणि शॉक जोडणाऱ्या भागाचे) बुश आणि बेअरिंग आत्ताच बदलून घ्या, परत सगळं उघडायला मजुरी डबल लागेल, आणि बरोबर होतं त्याचं, जुन्या बुशला बोटाने हलवलं तरी खेळ जाणवत होता. चाक बसल्यावर त्याने अलाइनमेंट बघितली ती दोरीने. मागच्या टायरभोवती दोरी गुंडाळून दोन्ही टोकं दोन्ही बाजूंनी ताणून पुढच्या चाकापर्यंत आणली आणि पुढच्या टायरपासून दोन्हीकडचं अंतर मोजलं. स्विंगआर्मवरच्या खुणांवर विश्वास ठेवू नका म्हणाला, जुन्या गाडीत त्या खुणा दोन्हीकडे सारख्या असतीलच असं नाही. लेझर बिझर काही नाही, दोरी आणि स्टीलची पट्टी, आणि गाडी हात सोडले तर सरळ चालते (बंद रस्त्यावर बघितलंय, उगाच शहाणपणा शिकवू नका).

तक्रार अशी की मागच्या ब्रेकची नळी. स्विंगआर्म लांब झाला म्हणजे कॅलिपर मागे गेला, मग नळी आणि तिचं रूटिंग नीट बघायला पाहिजे ना, यांनी जुनीच नळी ताणून बसवली. रिकामी गाडी स्टँडवर असताना काही कळत नाही, पण मागे माणूस बसवून सस्पेन्शन दाबलं की नळी किती ताणली जाते ते दिसलं. मी तिथेच उभा राहून बदलून घेतली, वर मालक म्हणतो असं कोणी बघत नाही. ब्रेकच्या नळीबद्दल असं बोलणाऱ्या माणसाला मी किती स्टार देऊ? मेकॅनिकला साडेचार, मालकाला दोन. आणि हो, सांगितलेल्या दिवशी गाडी मिळेल ही अपेक्षा ठेवू नका, 'उद्या संध्याकाळी' हे तिथलं कायमचं उत्तर आहे.

आता चालवायला कशी ते, ज्यासाठी हे सगळं केलं.

ओल्या रस्त्यावर फरक सगळ्यात जास्त. पावसात ताम्हिणी उतरताना मागचा ब्रेक लावला की जुन्या टायरवर शेपूट हलायची, आता ती भीती बरीच कमी झाली, रेडियलचा आणि रुंदीचा दोन्हीचा हात आहे त्यात. लांब वळणात गाडी एकदा झोपवली की तिथेच बसून राहते, मधे खड्डा आला तरी वाट सोडत नाही. हायवेला ट्रकच्या बाजूने जाताना वाऱ्याचा झोत पूर्वीइतका हलवत नाही. कंपनीच्या कागदावर व्ही-वनचा व्हीलबेस १२९० आणि व्ही-टूचा १३४५ मिमी आहे, त्या वाढलेल्या ५५ मिमीचा हा परिणाम.

पण व्ही-वनची जी खरी जादू होती, म्हणजे नुसता विचार केला की गाडी वळायची, ती कमी झाली. खोटं कशाला बोलू. डावं-उजवं लागोपाठ वळण आलं की आता हँडलला जोर द्यावा लागतो, चाक जड, टायर रुंद, गाडी लांब, तिन्ही गोष्टी एकाच दिशेने काम करतात. आणि रुंद टायरवर त्याच वळणाला त्याच स्पीडने जायला गाडी थोडी जास्त झोपवावी लागते, हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं पण तसंच आहे, कारण टेकायची जागा मधून बाजूला सरकते. शनिवारवाड्याच्या आसपास ट्रॅफिकमधून घुसायचं असेल तर जुनीच गाडी बरी होती. ॲव्हरेज पण थोडं पडलं, किती ते मी मोजत बसलो नाही, पंपावर जाणं वाढलं एवढं कळतं.

दोन गोष्टी कोणी सांगत नाही. एक, लांब स्विंगआर्मने शॉकवर लिव्हरेज वाढतं म्हणजे तोच मोनोशॉक (मागचा एकच शॉक ॲब्सॉर्बर) आता मऊ वाटतो. एकट्याला छान, रस्ता गुळगुळीत वाटतो, पण मागे जड माणूस बसला आणि स्पीडब्रेकर आला की मागचं मडगार्ड टायरला घासल्याचा आवाज येतो. हगर (टायरलगतचं छोटं मडगार्ड) व्ही-टूचाच लावा, जुनं प्लास्टिक कापून जुगाड करू नका. दुसरं, मागची बाजू वर आल्यामुळे साइड स्टँडवर गाडी आधीपेक्षा जास्त कलते. पार्किंगचा उतार डावीकडे असेल तर जपून.

खर्च माझा सगळा मिळून वीस हजारांच्या थोडा पुढे गेला, त्यात टायर दोन्ही नवीन. कोणी दहात करून देतो म्हणाला तर टायर किती जुने आहेत ते आधी विचारा, साइडवॉलवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, १४१९ म्हणजे २०१९ चा चौदावा आठवडा. सहा-सात वर्षं पडून राहिलेला कडक टायर फुकट मिळाला तरी घेऊ नका.

कायद्याचं पण लिहितो कारण विचारणारे खूप आहेत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे बदल करण्याबद्दल आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर कडक भूमिका घेतलीये. आमच्याकडे पोलीस सायलेन्सर आणि नंबर प्लेटकडे बघतात, टायरकडे कोणी वाकून बघत नाही, तरी क्लेमच्या वेळी इन्शुरन्सचा सर्व्हेयर वाकून बघू शकतो. स्विंगआर्म बदलणं हा काही स्टिकर लावण्यासारखा बदल नाही, त्यामुळे विमा कंपनीला लेखी कळवून त्यांचं उत्तर लेखीच घ्या, आणि आरटीओत विचारायची तयारी ठेवा.

जुनी चाकं, स्विंगआर्म, चेन सगळं घरी गोणीत बांधून माळ्यावर ठेवलंय. विकू नका तुम्ही पण, भंगारवाला किलोवर घेतो आणि उद्या गाडी विकायची म्हटलं की स्टॉक कंडिशनमधली व्ही-वन शोधणारे लोक आता जास्त पैसे देतात. आई रोज विचारते ती गोणी कधी हलवणार, तो वेगळा विषय.