आयपॅक की जे स्ट्रीट?

अमेरिकेतली ‘ज्यू लॉबी’ म्हटलं की आपल्याकडे एकच अजस्र यंत्रणा डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात वॉशिंग्टनमध्ये दोन संघटना एकमेकींना भिडतात. आयपॅक (अमेरिकन इस्रायल पब्लिक अफेअर्स कमिटी) १९५०च्या दशकातली. इस्रायलमध्ये सरकार कोणाचंही असो, पाठराखण ठरलेली. जे स्ट्रीट २००८ची. इस्रायल हवाच, पण शेजारी पॅलेस्टाइनही हवं म्हणणारी.

२०१५च्या इराण अणुकराराला आयपॅकने कडाडून विरोध केला, जे स्ट्रीटने तो उचलून धरला. करार अमेरिकी काँग्रेसमध्ये, म्हणजे संसदेत, तरला. म्हणजे आयपॅक म्हणेल तेच होतं, असं नाही.

पैशांत मात्र जे स्ट्रीटचा पाड लागत नाही. २०२४ मध्ये इस्रायलवर कडक टीका करणारे न्यूयॉर्कचे डेमोक्रॅट खासदार जमाल बोमन यांना पक्षांतर्गत निवडणुकीतच पाडायला आयपॅकच्या सुपर पॅकने (निवडणुकीत अमर्याद खर्च करू शकणाऱ्या समितीने) १.४ कोटी डॉलरहून जास्त ओतले. गंमत म्हणजे जाहिरातींचा रोख इस्रायलवर नव्हताच. बोमन बायडेन यांच्या विधेयकांविरुद्ध मत देतात, हा मुद्दा वाजवला गेला. (जे स्ट्रीटनेही बोमन यांना दिलेला पाठिंबा आधीच काढून घेतला होता.) बोमन हरले. असा एक पराभव पाहून बाकीचे खासदार आपोआप जपून बोलायला लागतात. माझ्या मते आयपॅकची खरी ताकद ती.

जे स्ट्रीटचा उपयोग वेगळा: इस्रायलवर टीका करूनही इस्रायलचा मित्र राहता येतं, एवढी सोय ती डेमोक्रॅट खासदारांना करून देते.