‘वादळात’ नावाच्या यादीत वादळच नाही: बायबल ऐकवणाऱ्या ॲपबद्दल

बायबल वाचून दाखवणारं ॲप फोनवर घ्यावं का, असं आमच्या चर्चच्या मंडळीतल्या दोघीतिघींनी विचारलं, म्हणून लिहिते. जरूर घ्या. फक्त उघडल्या उघडल्या पहिल्या पानावर जे दिसतं, त्याला हात लावू नका. ॲपचं नाव देत नाही, कारण या जातीच्या सगळ्याच ॲपची मांडणी साधारण अशीच असते.

आईला अर्धांगवायू झाल्यापासून रात्रीची पाळी माझी. दिवसा दादा आणि वहिनी बघतात. रात्री दिवा लावला की ती जागी होते, त्यामुळे पुस्तक उघडायची सोय नाही. मला अंधारात ऐकता येईल असं काहीतरी हवं होतं. त्या कामाला हे ॲप चोख आहे. पूर्ण जुना करार, पूर्ण नवा करार, अध्याय आधीच उतरवून ठेवता येतात, स्क्रीन बंद असली तरी आवाज चालू राहतो, आणि ‘हा अध्याय संपला की थांब’ अशी सोय आहे. या शेवटच्या सोयीबद्दल पुढे बोलते.

आता पहिलं पान. तिथे चौकोन आहेत: ‘शांती’, ‘आनंद’, ‘चिंता’, ‘वादळात’. दाबलं की निवडक वचनं एकामागून एक, खाली बासरी. सुरुवातीला मी रोज ‘वादळात’ लावायची. ऐकायला गोड, पण मनाला काही लागायचं नाही. का, ते मूळ अध्याय सबंध ऐकल्यावर कळलं. या यादीतून वादळच काढून टाकलंय!

मार्कच्या शुभवर्तमानातला, चौथ्या अध्यायातला प्रसंग बघा. यादीत तो सुरू होतो थेट येशूच्या आज्ञेपासून: ‘उगा राहा, शांत हो.’ लगेच निवांत. पण त्याआधी तारवात पाणी भरत होतं, तो मागच्या बाजूला उशी घेऊन झोपला होता, आणि शिष्यांनी त्याला जवळजवळ खडसावून उठवलं की आम्ही बुडतोय, तुला काही काळजी आहे की नाही? हे वाक्यच कापलंय. आणि हे बोलणारे लोक कोण? पेत्र, अंद्रिया, याकोब, योहान याच सरोवरावरचे मासे धरणारे. गालील सरोवर समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरहून जास्त खाली, भोवती डोंगर. वारा वरून एकदम उतरतो. ते पाणी रोज बघणारे जेव्हा बुडायची भाषा करतात, तेव्हा ती उगाच केलेली नसते. मला रात्री अडीच वाजता नेमकं तेच वाक्य हवं असतं. प्रभूला असं बोललेलं चालतं, त्याने आधी वाऱ्याला दटावलं आणि मग शिष्यांना विचारलं की का घाबरलात, हे ऐकूनच माझा श्वास मोकळा होतो.

स्तोत्रांचं तेच. बेचाळिसाव्यातून घेतलंय काय, तर ‘देवाची आशा धर.’ त्याच्या आधी रात्रंदिवस आसवं हाच आहार झालाय, हे गायब. ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?’ हा प्रश्न बेचाळिसाव्यात दोनदा आणि त्रेचाळिसाव्यात पुन्हा एकदा येतो. तिन्ही वेळा ऐकलं की लक्षात येतं, हा माणूस स्वतःच्या जिवाची समजूत काढतोय आणि जीव काही पहिल्या सांगण्यात ऐकत नाहीये. एकशे सातव्यातले खलाशी वादळात दारुड्यासारखे झोकांड्या खातात, त्यांची अक्कल गुंग होते. यादीत मात्र फक्त लाटा शांत झाल्या आणि ते बंदराला लागले.

म्हणून माझा सल्ला: चौकोन सोडा, ‘सर्व पुस्तके’वर जा, आणि सबंध अध्याय लावा.

स्तोत्रसंहितेचा वाचक एकच आहे. मध्यमवयीन, जरा घोगरा आवाज, घाई नाही. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र त्याने असं वाचलंय की शेवटच्या ओळीनंतर त्याचा श्वास ऐकू येतो. ज्यांनी हे स्तोत्र कधी पूर्ण ऐकलं नसेल त्यांना सांगते, याच्या शेवटी दिलासा नाही. बाकीची बहुतेक विलापगीतं कुठेतरी वळतात, ‘तरी मी तुझी स्तुती करीन’पाशी येतात, हे अंधारातच संपतं. आमच्या पाळकांनी यावर कधी संदेश दिल्याचं मला आठवत नाही. इथे ‘अध्याय संपला की थांब’ लावून ठेवा. नाहीतर ॲप दम न घेता एकोणनव्वदावं सुरू करतं, ते देवाची दया गाण्याने सुरू होतं, आणि आधीचं सगळं कोणीतरी घाईने झाकून टाकल्यासारखं वाटतं. आईच्या ज्या रात्री वाईट जातात, तेव्हा मी अठ्ठ्याऐंशीवर थांबते. प्रार्थनापुस्तकात हेही ठेवलंय, याचाच आधार वाटतो. शांती म्हणजे रडू थांबणं, असं मला आता वाटत नाही. रडताना कोणाकडे तोंड करून रडायचं ते ठरलेलं असतं, एवढंच.

आनंदाचा चौकोन तर विचारू नका. पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या, म्हणजे फिलिप्पैकरांस पत्रातलं ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा’ हे वचन तिथे पुन्हा पुन्हा येतं, मागे टाळ्यांचा ठेका. सबंध पत्र चारच अध्यायांचं आहे, लावून बघा. पौल बेड्यांत आहे, हे पहिल्याच अध्यायात येतं. दुसऱ्यात त्याचा सहकारी एपफ्रदीत मरता मरता वाचला म्हणून मला दुःखावर दुःख झालं नाही, असं तो लिहितो. म्हणजे एक दुःख होतंच. असा माणूस आनंद करा म्हणतो तेव्हा मला ऐकावंसं वाटतं. टाळ्यांवर ऐकलं की चीड येते.

आणि नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, सत्ताविसावा अध्याय! तो ‘वादळात’ यादीत नाहीच. बहुधा चव्वेचाळीस ओव्या लांब म्हणून, किंवा त्यातलं वादळ कोणी शांत करत नाही म्हणून. चौदा दिवस तारू भरकटतं, चार नांगर टाकून लोक उजाडायची वाट बघतात. पौल दोनशे शहात्तर माणसांसमोर भाकर घेतो, देवाचे उपकार मानतो आणि खायला लागतो. पुढे तारू फुटतं ते फुटतंच. कोणी पोहत, कोणी फळीवर, सगळे किनाऱ्याला लागतात. आजारी माणसाच्या उशाशी बसणाऱ्यांनी हा अध्याय पहिल्याने ऐकावा.

तोटे आणखी आहेत. शुभवर्तमानांना ‘नाट्यरूप’ पर्याय आहे: वेगवेगळे आवाज, गडगडाट, लाटा. रात्री तो चुकूनही लावू नका, झोपलेला पेशंट दचकून उठतो. पार्श्वसंगीत बंद करायचं बटण सेटिंगमध्ये तीन पडदे आत लपवलंय. एकशे एकोणिसाव्यात, म्हणजे एकशे शहात्तर ओव्यांच्या स्तोत्रात, मधली खूण ठेवता येत नाही. थांबलात की पुन्हा पहिल्यापासून.

आईबद्दल एक सांगते. तिची वाचा गेली आहे. ‘हो’, ‘नको’ आणि एक-दोन भलतेच शब्द, एवढंच उरलंय. तेविसावं स्तोत्र लावलं होतं. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ म्हणून वाचक जरा थांबला, आणि त्या फटीत आई स्पष्ट म्हणाली, ‘मला काही उणे पडणार नाही.’ वाचकाच्या आधी! मी हसले, तीही अर्ध्या तोंडाने हसली. आयुष्यभर इतरांच्या वाचनातल्या चुका काढणारी बाई, तिला पुढे जायची घाई असणारच. स्पीच थेरपिस्ट म्हणाल्या, अशा रुग्णांना बोलता येत नसलं तरी लहानपणी पाठ केलेली गाणी, प्रार्थना कधीकधी जशीच्या तशी येतात. असेल. मला त्यात चमत्कार शोधायचा नाही, पण उपकारस्तुती करायला कोणाची हरकत नसावी. माझं नाव तिला अजून येत नाही. तेविसावं मात्र आम्ही आता वाचकाला मधे मधे थांबवून, तिला जागा ठेवत ऐकतो, आणि त्यासाठी वेग कमी करायची जी सोय आहे ती उत्तम चालते. शून्य पूर्णांक पंचाहत्तरवर ठेवा.

पाचपैकी चार तारे. एक बासरीचा कापला.