मिन कोटा एंड्युरा सी२ ३०: प्लायच्या सपाट होडीवर कितपत चालते?

हिवाळा सरत आला की भिगवणला उजनीचं पाणी मागे हटतं आणि काठाशी दीड-दोन फूट पाणी, खाली मऊ गाळ, असा पट्टा उरतो. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरतात ते त्याच पट्ट्यात, आणि पेट्रोल इंजिनाच्या आवाजाने उठतात तेही तिथूनच. अशा पाण्यासाठी प्लायची चौदा फुटी सपाट होडी आणि मिन कोटाची ही बॅटरीवर चालणारी १२ व्होल्टची मोटर, ही जोडी स्वस्तात जमते. मोटर चांगली आहे. फक्त होडी तिच्याभोवती बांधावी लागते, होडी झाल्यावर मोटर लटकवून भागत नाही.

आधी खोलीचा हिशोब. बुडाला ९ मिमी आणि बाजूंना ६ मिमी आयएस ७१० (पाण्यात टिकणारा मरीन) प्लाय, सांध्यांना इपॉक्सी आणि काचकापड घेतलं तर रिकामी होडी ६५ किलोच्या आसपास भरते. मोटर, बॅटरी आणि दोन माणसं धरून २३० किलो. पाण्याला टेकणारं क्षेत्र २.८ चौरस मीटर असेल तर दर २८ किलोला होडी एक सेंटिमीटर बसते. बुडाचा बाक धरून मधोमध दहा-अकरा सेंटिमीटर. उत्तम! पण मोटरचा पंखा स्वतःच वीतभर व्यासाचा, आणि तो पूर्ण बुडून वर आणखी पाणी हवं, नाहीतर हवा ओढतो आणि नुसता फेस काढतो. म्हणजे खरी गरज होडीची नाही, मोटरची: अर्धा मीटर पाणी. दांड्यावरचं कॉलर सैल करून मोटर वर घेता येते, ही सोय फार उपयोगाची. त्याहून उथळ पाण्यात मोटर उचलून बांबूने ढकलणं हाच मार्ग.

आता वजनाचा तोल. मागच्या फळीवर मोटर आणि तिच्याशेजारी चालवणारा, म्हणून मागची बाजू बसते आणि उथळपणा तिथेच वाया जातो. उपाय म्हणजे बॅटरी नाळेकडे नेणं. १०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बारा-तेरा किलोची असते, तेवढ्याच क्षमतेची शिशाची तिच्या दुपटीहून जड. पण बॅटरी पुढे गेली की वायर लांबते. पूर्ण वेगात मोटर ३० अँपिअर ओढते. जाऊन-येऊन सहा मीटर वायर ४ चौरस मिमीची असेल तर ०.८ व्होल्ट वायरीतच जातो, वायर तापते आणि मोटर मंदावते. १६ चौरस मिमीची तांब्याची वायर घातली तर तोटा ०.२ व्होल्टवर येतो. इथे पैसे वाचवू नका. बॅटरीजवळ ५० अँपिअरचा डीसी ब्रेकर हवाच. घरातला एसी एमसीबी चालत नाही, कारण डीसीची ठिणगी तो खात्रीने तोडू शकत नाही.

या मोटरची खरी उणीव तिच्या वेगनियंत्रणात आहे. पुढचे पाच आणि मागचे तीन वेग रेझिस्टन्स कॉइलने मिळतात, म्हणजे कमी वेगात वीज वाचते खरी, पण तिचा काही भाग कॉइल तापवण्यात जातो. पक्ष्यांच्या कामात तर सगळी हालचाल पहिल्या-दुसऱ्या वेगातच असते. शिवाय कॉइल जळली की फक्त पाचवा वेग उरतो. पाचवा चालतो आणि बाकीचे मेले, तर बॅटरीला दोष देऊ नका, कॉइल तपासा. बजेट असेल तर पीडब्ल्यूएम नियंत्रण (वीज झपाट्याने चालू-बंद करून वेग ठरवणारं) असलेली एंड्युरा मॅक्सच घ्यावी, हे माझं ठाम मत. पूर्ण वेगात १०० अँपिअर-तासाची बॅटरी ८० टक्के वापरली तर दोन तास चाळीस मिनिटं मिळतात, आणि वेग ताशी पाच किलोमीटरच्या आसपास. दुपारचा वारा समोरून आला तर तेवढाही नाही. लिथियमचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतो आणि मग बीएमएस (बॅटरीतलं संरक्षक सर्किट) एका क्षणात सगळं तोडतो, म्हणून व्होल्टमीटरवर विसंबू नका. शंट (करंट मोजण्यासाठी वायरीत जोडायचा छोटा रोध) लावलेला अँपिअर-तास मोजणारा मीटर बसवा आणि दोन वल्ही होडीत ठेवाच.

खाडीसाठी ही मोटर घेऊ नका. ती गोड्या पाण्याची आहे, खाऱ्यासाठी त्याच कंपनीची रिपटाइड मालिका आहे.

उजनीत जपायचं ते जाळ्यांपासून. नायलॉनचा तुटका धागा पंख्यामागे दांड्याला गुंडाळला जातो, सील कापतो आणि पाणी मोटरमध्ये शिरतं. बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून दर फेरीनंतर बॅटरीची वायर काढा, नट सोडवून पंखा उतरवा आणि दांडा बोटाने चाचपून बघा. पंखा दगडाला लागला की त्याची पिन वाकते. जास्तीची पिन, नट आणि पाना होडीत ठेवा, आणि पाना दोरीने बांधलेला असू द्या, कारण गाळात पडलेला सापडत नाही.