साबण, कडुनिंब, लसूण-मिरची की तंबाखू? कुंडीतल्या किडीवर काय मारायचं

जास्वंदीच्या शेंड्याला कापूस चिकटल्यासारखं पांढरं दिसलं की आमच्या कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतल्या गल्लीत चार जण चार उपाय सांगतात. कुणी कडुनिंबाचं तेल म्हणतं, कुणी साबणाचं पाणी, कुणी लसूण-मिरची वाटून मारायला सांगतं. शेजारच्या मामांचा भरवसा मात्र निपाणीच्या तंबाखूवर. "ताई, रातभर भिजत घाला आणि सकाळी मारा. दोन दिवसांत एक किडा राहायचा नाही." गच्चीवरच्या वीसेक कुंड्यांवर मी हे चारही उपाय करून बघितलेत. कोणता कधी वापरायचा, हे ठरवणाऱ्यांसाठी लिहितेय.

कीड आज दिसतेय आणि आजच कमी करायची असेल, तर साबणाचं पाणी. लिटरभर पाण्यात एक चहाचा चमचा साधा, सौम्य लिक्विड सोप पुरतो. कपड्यांची पावडर नको, पानं करपतात. मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकणाची (वरचा पांढरा कापूस तो हाच, मिलीबग) लहान पिल्लं अशा मऊ अंगाच्या किडी यानं मरतात, पण अंगावर थेंब पडला तरच. वाळल्यावर साबणाचा काही उपयोग नाही. म्हणून पान उलटं करून खालच्या बाजूला फवारायचं, कारण मावा आणि पांढरी माशी तिथंच बसलेली असतात. संध्याकाळी मारा, तासा-दीड तासानं साध्या पाण्यानं धुवा आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा मारा. अंडी यातून वाचतात, त्यामुळे एका फवारणीवर थांबलात तर आठवड्यात परत तेच चित्र दिसेल.

कडुनिंबाचं काम वेगळं आहे. त्यातल्या अझाडिरॅक्टिन नावाच्या घटकामुळे किडीचं खाणं सुटतं आणि कात टाकून पुढच्या अवस्थेत जाणं बिघडतं. मारल्यावर दुसऱ्या दिवशी पाहिलं तर कीड तशीच दिसते, आणि "काही उपयोग नाही" म्हणून लोक इथंच सोडून देतात. आठवडाभर धीर धरा. नुसत्या माव्यासाठी मी कडुनिंब काढत नाही, पण पानं खाणाऱ्या अळ्या आणि पुन्हापुन्हा येणारी पांढरी माशी यांना घरगुती उपायांत याच्या तोडीचं मला दुसरं काही सापडलेलं नाही.

तेल घ्यायचं की निंबोळी? तेल सोपं. लिटरला 5 मिली तेल आधी थोड्या लिक्विड सोपमध्ये घोटून घ्यायचं, मग हळूहळू पाणी घालायचं. दुधासारखं पांढरट झालं तर जमलं. वर तेलाचे डोळे तरंगत असतील तर ते फवारू नका, जिथं तेल साचेल तिथं पान जळेल. डिसेंबर-जानेवारीत सकाळी बाटलीतलं तेल तुपासारखं थिजलेलं असतं, तेव्हा बाटली थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवायची. निंबोळी अर्काला कष्ट जास्त, पण मला तोच आवडतो. वाळलेल्या निंबोळ्या कुटून 50 ग्रॅम भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, फडक्यानं गाळायची, किंचित साबण घालून त्याच दिवशी वापरायची. माझ्या माहेरी शिरोळकडे बांधावर कडुनिंब आहेत. निंबोळ्या नेमक्या पावसाच्या तोंडावर पडतात, म्हणून गर धुऊन सावलीत नीट वाळवल्या नाहीत तर बुरशी धरते. दोन्ही प्रकार उन्हात लवकर निकामी होतात, त्यामुळे फवारणी संध्याकाळीच. आणि आपल्याकडं जुलैत पाऊस लागला की फवारलेलं धुऊनच जातं. चार-पाच तासांची उघडीप दिसत नसेल तर पंप भरूच नका.

लसूण-मिरचीनं कीड मरण्यापेक्षा लांब राहते, तेही दोन-चार दिवस. वांग्या-मिरचीच्या रोपांवर अधूनमधून ठीक आहे. मेथी-कोथिंबिरीवर नको, वास राहतो. फवारताना वारा आपल्या तोंडावर आला तर डोळ्यांची काय गत होते, हे लवंगी मिरची वाटणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

दशपर्णी अर्क, म्हणजे दहा झाडांचा पाला कुजवून केलेला, गुणाचा, पण तो शेतकऱ्याच्या पिंपासाठी. महिनाभर कुजत ठेवायचा वास पेठेतल्या गच्चीवर शेजारी सहन करणार नाहीत.

तंबाखूबद्दल मामांचं एक खरं आहे, मावा झटक्यात मरतो. तरीही मी तो एकदाच वापरला आणि सोडला. पाण्यात उतरतं ते निकोटिन, आणि ते माणसाच्या कातडीतूनही शरीरात जातं. निकोटिन सल्फेट हे कीटकनाशक वापरायला भारतात बंदी आहे. घरी काढा केला म्हणून निकोटिनचं विष बदलत नाही. मधमाश्याही मरतात, आणि तंबाखूतून मोझॅकचा, म्हणजे पानं चट्टेरी करणाऱ्या रोगाचा, विषाणू टोमॅटो-मिरचीला लागू शकतो. ज्या घरात लहान मूल कुंडीतला टोमॅटो तोडून तसाच तोंडात घालतं, तिथं हा उपाय करू नका.

पावसाळ्यातल्या गोगलगाईंना यातलं काहीच लागू पडत नाही. कोल्हापुरात गुळाला तोटा नाही. गुळाच्या पाण्यात भिजवलेला पोत्याचा तुकडा रात्री कुंड्यांमध्ये टाकायचा, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगाई हातमोजे घालून वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या.

काहीही मारण्याआधी फांदीवर मुंग्यांची रांग आहे का बघा. पिठ्या ढेकूण आणि मावा यांच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्यांना राखतात, त्यांच्या शत्रूंना हाकलतात. मुंग्यांची वाट तोडली नाही तर फवारणीचे कष्ट निम्मे वाया. आणि त्या पांढऱ्या कापसात एखादा जरा मोठा, लांब पांढऱ्या झालरीचा, चांगला तुरुतुरु चालणारा जीव दिसला तर हात थांबवा. तो पिठ्या ढेकणासारखाच दिसतो, पण असते क्रिप्टोलीमस नावाच्या भुंगेऱ्याची अळी, आणि ती पिठ्या ढेकूणच खाते. मी पहिल्या वर्षी अशा कितीतरी साबणानं धुऊन टाकल्या, त्याची आजही हळहळ वाटते. आता अशी अळी दिसली की त्या फांदीला मी सुतळीचा तुकडा बांधते, म्हणजे घरातलं दुसरं कुणीही तिच्यावर पंप मारत नाही.