फासे चोख, गल्ला संशयास्पद: एका क्रिप्टो कॅसिनोचा अनुभव

गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या जहाजांवर जायचे तर आधी ओळखपत्र दाखवावे लागते. २१ वर्षांखालील माणसाला तेथे प्रवेश नाही आणि फेब्रुवारी २०२० पासून आम्हा गोमंतकीयांनाही खेळाच्या दालनात मज्जाव आहे. हा नियम कोणाला पटो न पटो, तपासणी पैसे मोजण्यापूर्वी होते एवढे खरे. फोंड्याच्या माझ्या भाच्याने मार्च २०२५ मध्ये ज्या परदेशी क्रिप्टो कॅसिनोत, म्हणजे आभासी चलनात पैजा घेणाऱ्या संकेतस्थळावर, खाते उघडले, तेथे हा क्रम उलटा होता.

खाते उघडायला ईमेल पुरला. १५० यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेले आभासी नाणे), म्हणजे तेव्हाचे सुमारे १३ हजार रुपये, काही मिनिटांत जमा झाले. (ते नाणे ज्या भारतीय एक्स्चेंजवरून घेतले, तिथे मात्र पॅन कार्डाशिवाय पान हलले नव्हते.) फाशांच्या खेळात शिल्लक ४१० वर गेली, त्याने पैसे काढण्याचा अर्ज केला आणि तेव्हा कुठे कंपनीला त्याची ओळख हवीशी वाटली. पासपोर्ट, हातात चिठ्ठी धरलेले छायाचित्र, उत्पन्नाचा पुरावा आणि स्वतःच्या नावाचे वीजबिल मागण्यात आले. आमच्याकडे कित्येक घरांची वीजबिले अजून आजोबांच्या नावाने येतात. भाच्याचेही तसेच असल्याने ते नाकारले गेले. एकोणीस दिवसांनी उत्तर आले, की भारत हा अटींनुसार वर्ज्य देशांपैकी आहे, म्हणून मूळ १५० परत मिळतील आणि जिंकलेली रक्कम रद्द होईल. पैसे घेताना हे कलम कोणालाही आठवले नव्हते. भाचा हरला असता, तर ते कधी आठवले असते असे मला वाटत नाही.

खेळाविषयी मात्र माझी तक्रार नाही. फाशाचे दान दोन ‘बीजां’वरून, म्हणजे अक्षरे-आकड्यांच्या मालिकांवरून, ठरते. डाव सुरू होण्यापूर्वी कंपनी आपल्या गुप्त बीजाचा एसएचए-२५६ ठसा (ज्यावरून मूळ बीज ओळखता येत नाही, पण नंतर बदललेले पकडता येते अशी गणिती खूण) दाखवते, खेळणारा स्वतःचे बीज देतो, आणि बीज बदलल्यावर जुने उघड होऊन ठसा पडताळता येतो. जन्मभर हिशेब तपासण्यात घालवलेला माणूस असल्याने मी भाच्याबरोबर बसून वीस डाव ताडून पाहिले. एकही चुकला नाही. पण या पडताळणीतून फासे सिद्ध होतात, गल्ला नव्हे. पैसे द्यायचे की नाही हे ‘कंपनीच्या एकमेव विवेकाधीन’ असल्याचे कलम अटींमध्ये तीन ठिकाणी आहे, आणि तिथे कोणतेही गणित चालत नाही.

बोनस भाच्याने घेतला नाही, ते बरे झाले. १०० डॉलरच्या बोनसवर चाळीसपट पैजांची अट होती, म्हणजे एकूण ४,००० डॉलरच्या पैजा. ३७ घरांच्या रूलेटमध्ये मालकाचा वाटा २.७ टक्के धरला, तर सरासरीने १०८ डॉलर जातात. म्हणजे फुकटचा म्हणून मिळालेला बोनस स्वतःला गिळून वर आठ डॉलर मागतो. त्यातही रूलेटच्या पैजेचा दहावा भागच मोजला जाईल, असे बारीक अक्षरांत लिहिले होते.

संकेतस्थळाच्या पानाच्या तळाशी कुरासाओ या कॅरिबियन बेटाच्या जुगार-परवान्याचे चिन्ह होते, पण ते नुसते चित्र निघाले. दाबल्यावर कुठलीच नोंद उघडली नाही. कुरासाओत पूर्वी मोजके मुख्य परवानाधारक इतरांना उपपरवाने देत असत. डिसेंबर २०२४ च्या नव्या कायद्यानंतर नियामक स्वतः परवाने देतो. त्यामुळे परवाना खरा असेल, तर तो नियामकाच्या नोंदीत कंपनीच्या नावाने सापडायला हवा. मला सापडला नाही. इथे भारतात दाद मागण्याचा विचारही व्यर्थ आहे, कारण पैशांचे ऑनलाइन खेळ पुरवण्यावर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला आहे.

मी या संकेतस्थळाला पाचपैकी एक गुण देतो, तोही फाशांसाठी. पासपोर्टची प्रत नष्ट करावी, असे भाच्याने दोनदा लिहून कळवले; त्याला उत्तर नाही. बोनसचे ईमेल मात्र दर शुक्रवारी न चुकता येतात.