ऐतिहासिक कादंबरी शोधताना द स्टोरीग्राफ कितपत कामाचे?

ऐतिहासिक कादंबऱ्या वाचणाऱ्याची अडचण पुस्तके कमी असण्याची नसते. ‘ऐतिहासिक’ या एकाच नावाखाली दरबारी कारस्थाने, महायुद्धाच्या पार्श्वभूमीवरच्या प्रेमकथा, हेरकथा, राजघराण्यांच्या गौरवगाथा आणि एखाद्या अनाम कारागिराचे आयुष्य हे सारे शेजारीशेजारी मांडलेले असते, आणि त्यांतले नेमके काय आपल्याला मानवणार, याचा अंदाज मुखपृष्ठावरून किंवा मलपृष्ठावरच्या स्तुतीवरून बांधता येत नाही. नादिया ओडुनायो यांनी 2019 साली सुरू केलेली ‘द स्टोरीग्राफ’ ही वाचननोंदींची ऑनलाइन सेवा सर्वच प्रकारच्या पुस्तकांसाठी आहे. येथे तिचा विचार फक्त या एका कामापुरता केला आहे.

तिचे वेगळेपण तिने वाचकांना विचारलेल्या प्रश्नांत आहे. पुस्तक वाचून झाल्यावर केवळ तारे मागून ती थांबत नाही. पुस्तकाचा भाव कोणता, गती संथ, मध्यम की वेगवान, कथा घटनांच्या बळावर पुढे जाते की पात्रांच्या, पात्रांची वाढ नीट झाली आहे का, असेही विचारते आणि उत्तरांची टक्केवारी पुस्तकाच्या पानावर दाखवते. तारेही पाव-पाव ताऱ्याच्या फरकाने देता येतात. ऐतिहासिक कादंबरीच्या बाबतीत या माहितीचे मोल सरासरी गुणांपेक्षा जास्त आहे, कारण या प्रकारातली नाराजी बहुतेक वेळा पुस्तक वाईट असल्यामुळे नव्हे, तर वाचकाने वेगळ्याच अपेक्षेने ते उघडल्यामुळे येते.

प्रत्यक्ष शोध घेताना ‘ऐतिहासिक’ हा प्रकार, ‘चिंतनशील’ हा भाव, संथ गती आणि 500 हून अधिक पाने अशी चाळणी लावली की तलवारबाजीच्या वेगवान मालिका झटक्यात बाजूला होतात आणि उरलेली यादी पुष्कळच आपल्या मनाजोगती दिसू लागते. गतीच्या जागी ‘वेगवान’ आणि भावाच्या जागी ‘साहसी’ निवडले, तर जवळजवळ दुसरेच ग्रंथालय समोर येते. संथ या शब्दाला येथे बिचकू नये. मध्ययुगीन मठात घडणाऱ्या ‘द नेम ऑफ द रोझ’ या कादंबरीच्या पहिल्या शंभर पानांना कात्री लावण्याची सूचना उंबेर्तो एको यांनी नाकारली होती, मठात पाऊल टाकायचे तर मठाची चाल स्वीकारावी लागेल, असे त्यांचे म्हणणे होते. दूरच्या काळात रुळायला वाचकाला वेळ द्यावाच लागतो, आणि तो वेळ न देणाऱ्या कादंबऱ्यांत पुष्कळदा पोशाख जुने आणि माणसे आजची असतात.

आशयाबद्दलचे इशारेही उपयुक्त आहेत. युद्ध, गुलामगिरी, छळ, बालमृत्यू यांचे चित्रण ठळक आहे, मध्यम आहे की ओझरते, हे वाचकांनीच नोंदवलेले असते. भूतकाळ हा कोमल विषय नाही, तेव्हा हा तपशील आधी कळलेला बरा.

मात्र काही उणिवा मूळ रचनेतच आहेत. शतक किंवा प्रदेश निवडण्याची सोय मला त्या चाळणीत दिसली नाही, आणि ऐतिहासिक कादंबरीच्या वाचकाचा पहिला प्रश्न बहुधा तोच असतो. भूतकाळाविषयी लिहिलेली कादंबरी आणि भूतकाळात लिहिली गेलेली कादंबरी यांतला फरकही असल्या लेबलांत पुसला जातो. तो फरक सांभाळण्यासाठी जाणकारांनी मोजमापे ठरवलेली आहेत: 1997 साली स्थापन झालेली हिस्टॉरिकल नॉव्हेल सोसायटी घटना आणि लेखन यांत किमान 50 वर्षांचे अंतर धरते, किंवा लेखक त्या काळी जन्मलेला नसावा असे पाहते, 2010 पासून दिला जाणारा वॉल्टर स्कॉट पुरस्कार 60 वर्षांची अट घालतो, आणि ती अट कादंबरीकार स्कॉट यांच्या 1814 सालच्या ‘वेव्हर्ली’ या कादंबरीच्या, ‘साठ वर्षांपूर्वीची गोष्ट’ अशा अर्थाच्या, उपशीर्षकातून आलेली आहे. कालखंडानुसार शोध घ्यायचा असेल तर सोसायटीची परीक्षणे स्टोरीग्राफपेक्षा सरस ठरतात. पुरस्कारासाठी पहिल्या फेरीत निवडलेल्या पुस्तकांच्या याद्याही चांगल्या आहेत, पण त्या इंग्रजी पुस्तकांपुरत्या.

सर्वांत मोठी उणीव मला वेगळीच वाटते. लेखकाने पुराव्याशी कसा व्यवहार केला आहे, हे ही सेवा कोणालाच विचारत नाही. माझ्या मते समाधान देणारी आणि न देणारी ऐतिहासिक कादंबरी यांतली सीमारेषा इथेच आहे. नोंदी जिथे संपतात तिथे कल्पना सुरू झाली पाहिजे, आणि कल्पनेने नोंदींना उगाच खोटे पाडता कामा नये. जिथे पाडले असेल, तिथे लेखकाने तसे सांगितले पाहिजे. त्यामुळे यादी हाती आल्यावर पुस्तकाच्या शेवटचे लेखकाचे टिपण किंवा आरंभीची प्रस्तावना आधी वाचावी, असे मी सुचवेन. ‘श्रीमान योगी’ला असलेली नरहर कुरुंदकरांची दीर्घ प्रस्तावना ज्यांनी मन लावून वाचली आहे, त्यांना अशा लेखनाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. कोणते पात्र काल्पनिक आहे, कोणत्या दोन घटना जवळ आणल्या आहेत, कोणत्या वादात कोणती बाजू घेतली आहे, हे मोकळेपणाने सांगणारा लेखक कथेतही सहसा काळजीने वागतो. टिपणामुळे क्वचित एखादे रहस्य फुटते, पण राजाचा शेवट काय झाला हे तसेही आपल्याला ठाऊक असतेच.

त्यानंतर विनामूल्य नमुन्यातले पहिले प्रकरण पाहावे. एक भाऊ दुसऱ्याला “तुला माहीतच आहे, आपले वडील तीन वर्षांपूर्वी सीमेवरच्या लढाईत पडले आणि तेव्हापासून काकांनी सत्ता बळकावली आहे” असे सांगू लागला, की पुस्तक मिटावे. दोघांनाही माहीत असलेली गोष्ट ते केवळ वाचकासाठी बोलत आहेत. उलट वडिलांची रिकामी बैठक आणि तिच्याकडे न पाहता पुढे जाणारा काका एवढेच दाखवून लेखक पुढे सरकला असेल, तर पुढची पाचशे पाने त्याच्या हवाली करायला हरकत नाही. ही पारख कोणतीही टक्केवारी करून देत नाही, आणि स्टोरीग्राफचाही तसा दावा नाही.

संथ, पात्रप्रधान, मोठ्या विस्ताराच्या कादंबऱ्या आवडणाऱ्यांनी ही सेवा अवश्य वापरून पाहावी. एकाच कालखंडात मुक्काम करणाऱ्यांना तिचा उपयोग कमी होईल. गुडरीड्स या अशाच दुसऱ्या संकेतस्थळावरच्या जुन्या नोंदी आयात करता येत असल्यामुळे सुरुवात शून्यापासून करावी लागत नाही. एवढ्या कामासाठी सशुल्क योजना घेण्याचीही गरज नाही; गती-भावाची चाळणी, वाचकांची उत्तरे आणि आशयाचे इशारे विनामूल्य खात्यातही मिळतात.