जुन्या बीएमडब्ल्यू ई३९ साठी जी४८ कूलंट: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

बीएमडब्ल्यूच्या ई३९ पिढीतील ५३०आय, म्हणजे एम५४ हे सहा सिलिंडरचे तीन लिटर पेट्रोल इंजिन असलेली गाडी, मी वापरतो. तिच्यात ग्लायसँटिन जी४८ हे निळे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, भरून आता बरेच महिने झाले आहेत. या काळात कडक ऊन, थंडीच्या पहाटा, रेंगाळणारी वाहतूक आणि डोंगरातले लांब चढ हे सगळे होऊन गेल्यामुळे मत द्यायला हरकत नाही. या इंजिनासाठी ही निवड योग्य ठरली. मात्र त्याचे निम्मे श्रेय जुने कूलंट नीट बाहेर काढण्याला जाते, आणि नेमक्या याच कामाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते.

गाडी आली तेव्हा एक्स्पान्शन टँकमधले (कूलंट भरण्याच्या टाकीतले) द्रव हिरवट तपकिरी होते आणि झाकणाच्या आतल्या बाजूला तपकिरी चिकट थर होता. असा थर दिसला की हेड गॅस्केट (इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामधले सील) गेल्याची शंका येतेच. म्हणून आधी टँकच्या तोंडाशी ज्वलनवायू शोधणारी रासायनिक चाचणी आणि सिस्टिमची प्रेशर टेस्ट करून घेतली. दोन्ही निर्दोष निघाल्या. यावरून शक्यता अशी वाटते, की आधीच्या कोणीतरी मूळ निळ्या कूलंटवर दुसऱ्याच प्रकारचे कूलंट ओतत नेले होते.

निवडीचा विचार करताना रंग पहिल्यांदा बाजूला ठेवावा लागतो, कारण रंग ही केवळ मिसळलेली डाय आहे आणि तिला कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. एका कंपनीचे हिरवे जुन्या पद्धतीचे असते, तर दुसरीचे हिरवे अगदी नव्या रसायनाचे. जवळजवळ सगळ्या कूलंटचा पाया इथिलीन ग्लायकॉल हाच असतो. फरक पडतो तो गंजरोधक द्रव्यांमुळे. जी४८ मध्ये सेंद्रिय आम्लांच्या जोडीला सिलिकेट आहे, आणि नायट्राइट, अमाइन व फॉस्फेट नाहीत. सिलिकेट ॲल्युमिनियमवर फार लवकर संरक्षक थर बसवते. एम५४ चा ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे असल्यामुळे हा गुण येथे नेमका उपयोगी पडतो. तोटा असा, की हे सिलिकेट वापरात झिजत जाते. त्यामुळे तीन-चार वर्षांनी कूलंट बदलणे भाग असते. निव्वळ सेंद्रिय आम्लांची कूलंट अधिक काळ टिकतात, पण त्यांचे संरक्षण सावकाश उभे राहते. या गाडीची रचना त्यांच्यासाठी झालेली नव्हती, म्हणून केवळ दीर्घायुष्याच्या आमिषाने मी तिकडे वळलो नाही.

‘सर्व गाड्यांसाठी, सर्व रंगांसाठी’ असे म्हणणारी कूलंटही पाहिली. ती सरसकट वाईट असतात असे नाही, आणि रस्त्यात अडल्यावर पातळी राखायला ती चालतीलही. परंतु डब्यावर ‘युरोपीय गाड्यांसाठी योग्य’ असे छापणे आणि कारनिर्मात्याच्या मान्यतेचा क्रमांक देणे यांत मोठे अंतर आहे. बीएमडब्ल्यूच्या या काळातील गाड्यांसाठी तो क्रमांक एन ६०० ६९.० आहे. मान्यता असल्याचे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर तो डबा परत फळीवर ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. जी४८ ही रचना फोक्सवॅगनच्या जुन्या जी११ या मानकाशी आणि मर्सिडीजच्या ३२५.० या मान्यतेशीही जुळते, त्यामुळे त्या पिढीतील अनेक जर्मन गाड्यांच्या मालकांना हा शोध सोपा जातो.

आता भरण्याविषयी थोडे सविस्तर. रेडिएटरच्या तळाचा प्लग उघडून जेवढे द्रव बाहेर येते, त्यावर समाधान मानून नवे भरणे ही सर्रास चालणारी पद्धत आहे. त्यात इंजिन ब्लॉकमधला मोठा साठा तसाच राहतो. ब्लॉकचा प्लग एक्झॉस्टच्या बाजूला, हात जेमतेम पोहोचेल अशा जागी असतो, म्हणून गॅरेजमध्ये तो टाळला जातो. तो उघडल्यावर आधी काही क्षण काहीच आले नाही; बारीक तारेने तोंडाशी साचलेला गाळ हलवल्यावर मात्र लालसर तपकिरी धार सुटली आणि शेवटी तळाशी बसलेले कणही आले. त्यानंतर डिस्टिल्ड वॉटर भरून, हीटर पूर्ण उष्णतेवर ठेवून, इंजिन थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला कूलंटची वाट मोकळी करणारी झडप) उघडेपर्यंत चालवायचे आणि थंड झाल्यावर पाणी सोडायचे, असे पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा केले.

येथे एक हिशेब महत्त्वाचा आहे. कितीही निथळले तरी धुण्याचे थोडे पाणी आतच राहते. अशा वेळी निम्मे-निम्मे मिसळलेले तयार कूलंट भरले, तर प्रत्यक्षात मिश्रण पातळ होते. म्हणून सिस्टिमची एकूण क्षमता पाहून तिच्या निम्मे शुद्ध कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेले कूलंट) आधी भरावे आणि उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरावी. नळाच्या पाण्यातील क्षार आत साचून बसतात, त्यामुळे ते येथे नकोच. कॉन्सन्ट्रेट जास्त घातले की संरक्षण वाढते, हाही गैरसमज आहे. ५० टक्के मिश्रण उणे ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठू लागते, तर निव्वळ ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठते. शिवाय उष्णता वाहून नेण्यात ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी पडते.

हवा काढण्यासाठी टँकजवळचा ब्लीड स्क्रू सैल करून, इग्निशन चालू, हीटर कमाल उष्णतेवर आणि पंखा मंद ठेवून सावकाश ओतत राहावे. सुरुवातीला स्क्रूतून फुसफुस करत बुडबुडे येतात, मग फेस येतो आणि अखेरीस सलग निळी धार लागते. ती लागली की स्क्रू बंद करावा. तो प्लॅस्टिकचा असल्यामुळे आवळताना जोर लावू नये.

वापरातला अनुभव सांगायचा तर, थंड इंजिनावर झाकण उघडले की वर येणारी लाल तरंगती काडी पहिल्या काही दिवसांत किंचित उतरली. उरलेली हवा निघून गेल्यामुळे असे होते. थोडी भर घातल्यानंतर पातळी हललेली नाही. द्रव आजही पारदर्शक निळे आहे आणि झाकणाखालचा चिकट थर पुन्हा जमलेला नाही. रिफ्रॅक्टोमीटरवर गोठणबिंदू भरतेवेळी होता तेथेच दिसतो. तरी हे उपकरण केवळ ग्लायकॉलचे प्रमाण दाखवते, गंजरोधक द्रव्ये किती उरली हे त्यावरून कळत नाही. म्हणून चांगला आकडा पाहून बदलण्याची मुदत पुढे ढकलू नये.

इंजिनाच्या तापमानात मात्र काहीही फरक पडलेला नाही, आणि तशी अपेक्षा ठेवणेही चुकीचे ठरेल. या गाडीचा तापमानकाटा मुद्दाम स्थिर राहील असा जुळवलेला आहे. बऱ्याच मोठ्या टप्प्यात तो मधोमध उभा राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. खरे आकडे स्कॅनरवर पाहावे लागतात, आणि ते बदलापूर्वी जसे होते तसेच आजही आहेत. थर्मोस्टॅट अडकत असेल, पंप थकला असेल किंवा टँकला चीर गेली असेल, तर कोणतेही कूलंट त्यावर उपाय नाही. उलट एक फायदा अनपेक्षित होता: वरच्या होस पाइपच्या जोडापाशी वाळलेला निळा पट्टा उठून दिसला आणि सूक्ष्म गळती वेळीच सापडली. जुन्या मळकट द्रवात ती दिसलीही नसती.

तक्रारी दोन आहेत. कॉन्सन्ट्रेट दीर्घकाळ पडून राहिल्यास त्यातील सिलिकेट जेलसारखे खाली बसू शकते, त्यामुळे डब्यावरील उत्पादनाची तारीख पाहूनच घ्यावे लागते. विक्रेते याची फारशी फिकीर करत नाहीत. दुसरे म्हणजे, वारंवार बदलायचे तर दर वेळी काढलेल्या विषारी द्रवाची विल्हेवाट लावावी लागते. चवीला गोड असल्यामुळे कुत्री ते चाटू शकतात, आणि ते कुत्र्यामांजरांना जीवघेणे ठरू शकते, म्हणून उघड्या घमेल्यात क्षणभरही ठेवू नये.

जुनी लेक्सस किंवा अन्य जपानी आलिशान गाडी असणाऱ्यांनी मात्र हे कूलंट घेऊ नये. तेथील परंपरा नेमकी उलटी, म्हणजे फॉस्फेटयुक्त आणि सिलिकेटविरहित कूलंटची आहे. त्याहून जुन्या, तांब्या-पितळेचे रेडिएटर असलेल्या गाड्यांच्या मालकांनी निव्वळ सेंद्रिय आम्लांच्या कूलंटपासून सावध राहावे, कारण त्या रेडिएटरचे सांधे शिशाच्या डाखाने जोडलेले असतात. माझ्यापुरते सांगायचे तर तीन वर्षे पूर्ण होताच हेच कूलंट पुन्हा भरणार आहे, आणि त्याच वेळी थर्मोस्टॅट व वरचा होस पाइपही बदलून घेणार आहे.